नीलिमाताईंचा दुसरा चमचा

हरभऱ्याची डाळ भाजून झाली होती, उडदाची परातीत निवत होती. ओटा पुसून, केसांवरची जाळी सारखी करून मी गहू भाजायला घेतले होते. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कारखान्यातली, म्हणजे युनिटमधली, ती नेहमीसारखी सकाळ. तेवढ्यात फोन वाजला. नीलिमाताईंचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला. पलीकडे एका मोठ्या दुकानाच्या खरेदी पाहणाऱ्या बाई होत्या. आमचं मेतकूट त्यांच्या फळीवर लागणार की नाही, हे त्याच ठरवणार होत्या.

"लव्हली पॅकेट," त्या म्हणाल्या. "इट्स जस्ट अ टाइनी बिट सॉल्टी."

या देशात माझा निम्मा जन्म गेला. इथला माणूस 'टाइनी बिट' म्हणतो, तेव्हा घास तोंडातून बाहेर आलेला असतो. ताईंनी त्याच घाण्यातलं एक पाकीट फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि सरळ नळाकडे गेल्या.

ते मेतकूट मी केलं होतं.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात जाणत्या लोकांचे लेख असतील. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं लायब्ररीत बसून आपलं आपण वाचलेलं. तेव्हा मला जे माहीत आहे तेवढंच लिहिते.

ताईंची पहिली भेट इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात झाली. माझे यजमान जाऊन सहा महिने झाले होते. कुठे जाऊ नये असं वाटे, पण रिकाम्या हाताने जाणंही जमेना, म्हणून डबाभर मेतकूट नेलं होतं. जेवणं चालू असताना एक उंच बाई स्वयंपाकघरात आल्या. "हे कुणी केलंय?" मला वाटलं, तक्रार आहे. मी भांडी आवरू लागले. त्या म्हणाल्या, "ज्यांनी केलंय त्यांच्याकडे मी उद्या चहाला येणार आहे. पत्ता सांगा."

आणि खरंच आल्या. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षं काम केलेल्या ताईंनी पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडली होती. इथली तरुण मुलं समुद्री शेवाळाचे चिप्स आणि ओटचं दूध विकतात, मग आपण टोस्टवर भुरभुरायचं मेतकूट का नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हसले. वर्षभरात मीच त्यांच्याकडे डाळी भाजत होते.

पाकिटावर काय छापायचं हे ठरवायला ग्रेस नावाची एक हुशार मुलगी होती. तिने लिहून आणलं, 'भारताचं प्राचीन गूढ रहस्य'. ताईंनी कागद माझ्यासमोर सरकवला. "मालतीवहिनी, तुम्ही हाती लागेल ते वाचता. हेही वाचा."

"यात गूढ काय आहे?" मी म्हटलं. "तापातून उठलेल्या माणसाला मऊ भात, तूप आणि मेतकूट देतात. एवढंच."

ग्रेसने माझ्याकडे पाहिलं, ताईंनी ग्रेसकडे. आज पाकिटावर माझं ते वाक्य आहे. लोक घरचा डबा घेऊन येतात आणि आम्ही त्यात मेतकूट भरून देतो, हीसुद्धा ताईंचीच कल्पना. शेजारच्या युनिटमध्ये ग्लासगोहून आलेली दोन मुलं शेवाळाचे चिप्स करतात. त्यांचं दळायचं यंत्र बंद पडलं तेव्हा ताईंनी आमची गिरणी दुपारभर त्यांना दिली. "अहो, उद्या तेच आपली जागा घेतील फळीवर," मी म्हटलं. "मग शेजारीच असू की," त्या म्हणाल्या. नंतर आठवडाभर आमच्या मेतकुटाला समुद्राचा वास होता, तो भाग वेगळा.

तर तो फोन. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक आमची आहे. नमुन्याची सगळी पाकिटं परत पाठवा. पुढच्या आठवड्यात नवीन देतो." कुणाची चूक, हे त्यांनी सांगितलं नाही. पलीकडच्या बाई हो म्हणाल्या.

चूक साधी होती. घरच्या सवयीने मी मूठभर मीठ आधीच टाकलं, आणि मग कागदावर लिहिल्याप्रमाणे वजन करून पुन्हा. "पण चव नाही का घेतलीत?" ताईंनी विचारलं.

मी आयुष्यात कधी शिजवताना चव घेतलेली नाही. आधी नैवेद्य, मग पहिला घास यांचा. हे मान हलवायचे किंवा "आज घाईत होतीस वाटतं" म्हणायचे. मग मी जेवायची. युनिटमध्येही रोज पहिल्या घाण्यातली वाटी मी फळीवरच्या अन्नपूर्णेसमोर ठेवते. "आणि आता चव सांगणारं माणूसच नाही," मी म्हटलं. "उद्यापासून येत नाही मी, ताई. तुमचं इतक्या वर्षांचं काम माझ्यामुळे बुडायला नको."

ताई बौद्ध घरातल्या. त्यांच्याकडे नैवेद्य नाही, पण माझी वाटी त्यांनी कधी हलवली नव्हती. त्यांनी फळीवरच्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या अन्नपूर्णेने तरी सांगायचं ना, मीठ जास्त झालं म्हणून!" मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी कृतीचा कागद काढला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'पहिला चमचा वाटीत. दुसरा मालतीवहिनींच्या तोंडात. त्यांनी मान हलवल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही.'

तो कागद अजून भिंतीवर आहे, आणि आमची पाकिटं त्या दुकानाच्या फळीवर. यांची आठवण रोज येते. ती जाईल असं मला वाटत नाही, आणि ताईंनी ती जावी असं कधी सुचवलंही नाही. त्यांनी मला फक्त काम दिलं, आणि त्या कामात मला विचारलं.

ताई, तुमचे गुडघे धड राहोत, जीभ अशीच तिखट राहो, आणि तुमच्या पंच्याहत्तरीलाही मेतकूट मीच भाजलेलं असो. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या बसने युनिटमध्ये गेले. डाळी भाजल्या, दळल्या, मीठ एकदाच घातलं. वाटी अन्नपूर्णेसमोर ठेवली. मग दुसरा चमचा भरून घेतला आणि चव पाहिली.