मावशींचा फॉर्म

लोक मतदान करतात का, सोसायटीच्या सभेला जातात का, नगरसेवकाकडे कधी तक्रार घेऊन गेलेत का, हे घरोघरी विचारत फिरायचं काम मी काही महिने केलं. निवडणुकीआधी एकदा आणि निवडणुकीनंतर पुन्हा त्याच घरांत. चारकोपमध्ये बहुतेक दारं माझ्या तोंडावरच बंद व्हायची. त्यामुळे कोणी आत बसवलं की मी वाटेल ते कबूल करायचे.

मावशींनी आत बसवलं. दहिसरची चाळ पाडली तेव्हा त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि त्या गडबडीत मतदार यादीतून त्यांचं नाव गळलं होतं. "लग्न झाल्यापासून एक मतदान चुकवलं नाही मी," त्या म्हणाल्या. "पांढरी साडी नेसून जाते. सणच असतो तो माझा." नाव घालायचा फॉर्म त्यांनी भरून, फोटो चिकटवून, झेरॉक्स जोडून तयार ठेवला होता. कार्यालयात नेऊन द्यायचा तेवढा बाकी होता.

"द्या इकडे मावशी, मी रोज तिथूनच जाते," मी म्हटलं. खरं तर मला माझे प्रश्न उरकून पुढचं घर गाठायचं होतं.

फॉर्म बॅगेच्या मागच्या कप्प्यात गेला तो तिथेच राहिला. सापडला तेव्हा मुदत संपली होती. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला असता तर निदान त्यांची केंद्रावरची फेरी वाचली असती. पण लाज वाटत होती, म्हणून मी उद्या उद्या करत राहिले.

निवडणुकीनंतर पुन्हा त्यांचंच दार. त्यांनी आधी पाणी दिलं.

"गेले होते गं साडी नेसून. तीन-तीन टेबलांवर नाव शोधायला लावलं. तू तर फॉर्म दिला होतास, त्यांनीच घोळ घातला."

मी मान खाली घालून टॅब उघडला. मतदान केलं? नाही. नाव नोंदवायला स्वतः कार्यालयात गेलात? नाही. टॅबने आपला आपण शेरा दिला : उदासीन मतदार.

"काय आलं गं माझं?"

ते मला वाचून दाखवता येईना. मी सांगून टाकलं. फॉर्म दिलाच नव्हता, माझ्या बॅगेत राहिला होता.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मग तेव्हाच नाही म्हणायचंस ना," त्या म्हणाल्या. "रिक्षा करून मी गेले असते." मग टॅबकडे बोट दाखवून म्हणाल्या, "विचार पुढचं."

पुढचा प्रश्न होता : अनोळखी माणसांवर विश्वास ठेवता येतो, असं तुम्हाला वाटतं का? प्रश्न गाळायची आम्हाला मुभा नव्हती. मी तो वाचला.

"तुला काय वाटतं ते लिही," असं म्हणून मावशी माझा रिकामा ग्लास घेऊन आत गेल्या.

उत्तर आपल्या मनाने भरायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी 'नाही' दाबलं.