यॉर्कमधली माझी दुभाषेगिरी

सासूबाईंना सत्तर पूर्ण झाली त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या नागपूरचं ऊन चुकवायला आमच्याकडे लंडनला, ईलिंगमध्ये आल्या होत्या. नवऱ्याने त्यांच्यासाठी यॉर्कची वॉकिंग टूर बुक केली. तीही प्रायव्हेट. म्हणजे घोळक्यात कुणाच्या तरी वर धरलेल्या छत्रीमागे पळायचं नाही. एक गाईड, तो फक्त आपला, दोन तास जुन्या गावातून पायी फिरवणार आणि इतिहास सांगणार. चौघांनी जायचं ठरलं होतं. पण आदल्या संध्याकाळी लेकीला ताप भरला आणि नवरा म्हणाला, "मी थांबतो हिच्याजवळ. तुम्ही दोघी जाऊन या."

मग म्हणाला, "पण तिकडचा ॲक्सेंट झेपेल ना तुला?"

त्याने मास्टर्स तिकडेच, यॉर्कशरमध्ये केलं आहे आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही. मी म्हटलं, "अकरा वर्षं इथे क्लायंट कॉल घेतेय मी. इंग्लिशच बोलणार ना तो माणूस?"

सासूबाई नागपुरात महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. इंग्रजी पाट्या त्यांना वाचता येतात, पण बोललेलं कानाला लागत नाही, असं त्याच सांगतात. ट्रेनमध्ये त्यांनी मला विचारलं, "तू सांगशील ना वं मला सगळं?"

"शब्दन् शब्द सांगते, आई," मी म्हटलं.

गाईड स्टेशनबाहेरच उभा होता. सत्तरीच्या आतबाहेरचा, लालबुंद गालांचा, ट्वीडची टोपी घातलेला. आयुष्यभर याच गावात टपाल वाटलं आणि रिटायर झाल्यावर टूरिस्टांना फिरवायला लागला, हे टूरच्या वेबसाइटवर वाचलं होतं म्हणून मला माहीत होतं. नाहीतर कळायला काही मार्ग नव्हता. कारण त्याने तोंड उघडलं आणि मला काहीही समजलं नाही.

काहीही म्हणजे अगदी काहीही नाही असं नाही. मधूनमधून ओळखीचा शब्द वर यायचा आणि मी तो पकडेपर्यंत पुढची चार वाक्यं निघून गेलेली असायची. 'द' हा शब्द त्याच्या बोलण्यात नव्हताच. व्यंजनं तो गिळत होता आणि स्वर भलतीकडेच लांबवत होता. मी मात्र चेहऱ्यावर मीटिंगमधलं हसू ठेवून मान हलवत राहिले.

सासूबाई साडीवर माझ्या नवऱ्याचं फुगीर जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा थाटात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. गाईडनेही टोपी काढली आणि म्हणाला, "आय, आय."

सासूबाईंचा चेहरा फुलला. "आई म्हणून राहिला मला! किती चांगल्या वळणाचा माणूस आहे."

तो नुसतं 'हो, हो' म्हणाला होता. एवढं तरी मला कळलं होतं; पण त्यांच्या आनंदावर विरजण कशाला घाला म्हणून मी गप्प बसले. माझ्या दुभाषेगिरीतली पहिली लबाडी ती.

"काय सांगून राहिले गुरुजी?" सासूबाईंनी विचारलं. समजावून सांगणारा कुठलाही वयस्क माणूस त्यांच्या लेखी गुरुजीच.

मला 'फोर' आणि 'बार' एवढं स्वच्छ ऐकू आलं होतं. मी म्हटलं, "ते आपल्याला चार बार दाखवणार आहेत."

सासूबाई जागीच थांबल्या. "सकाळी दहा वाजता?"

"इथे चालतं आई. जुने, ऐतिहासिक बार असतील."

"मी बाहेर थांबीन. तुला जायचं असेल तर जा बापा, मी माझ्या पोराला नाही सांगायची."

गाईड आम्हाला घेऊन पाचेक मिनिटं चालला आणि एका उंच दगडी कमानीखाली थांबला. दोन्ही अंगांना शहराचा तट, वर बुरूज, मधून रस्ता. त्याने कमानीवर थाप मारली आणि अभिमानाने म्हणाला, "बार!"

सासूबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अवं, ही तर वेस आहे! नागपूरला आमच्या महाल भागात आहे तशी."

खरंच ती वेस होती. त्या गावात वेशीला बार म्हणतात आणि रस्त्यांच्या नावांत जागोजागी 'गेट' असतं, त्याचा अर्थ गल्ली. हे मला नंतर कळलं. त्या घडीला मी फक्त "हो, वेसच, जुन्या इंग्लिशमध्ये तसं म्हणतात," असं ठोकून दिलं.

गाईड पुढे सांगत होता. मला 'किंग' ऐकू आलं. मग 'हेड' ऐकू आलं. तो कमानीच्या माथ्याकडे बोट दाखवत होता. मी जुळवाजुळव केली आणि सांगितलं, "नवीन राजा आला की इथे त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायचे."

नेमकं त्याच वेळी गाईडने स्वतःच्या गळ्यावरून आडवं बोट फिरवलं, जीभ बाहेर काढली आणि भाल्यावर काहीतरी खोचल्यासारखं केलं.

"मुकुट ठेवताना मान कापत होते काय?" सासूबाईंनी अगदी शांतपणे विचारलं.

"ते... ज्यांना राजा पसंत नव्हता त्यांची."

"बरं," त्या म्हणाल्या. चौथीतली मुलं गृहपाठाची वही घरी विसरल्याचं सांगतात तेव्हा बाई जसं 'बरं' म्हणत असतील, तसं ते होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी पुण्याची. लग्न होऊन नागपूरला गेले तेव्हा पहिले काही महिने सासरच्यांचं 'करून राहिली', 'जाऊन राहिला' ऐकून मला हसू यायचं आणि सासरे भरभर बोलायला लागले की अर्धं डोक्यावरून जायचं. तेव्हाही मी अशीच मान हलवायचे. म्हणजे ही सवय विलायतेत लागलेली नाही.

आम्ही तटावर चढलो. तटाच्या उतारावर डॅफोडिल्स पिवळीधमक फुलली होती, वारा असा की सासूबाईंनी पदर जॅकेटच्या चेनमध्ये कोंबला. गाईड त्यांच्या बाजूने चालत होता. तो बोलायचा, त्या मराठीत उत्तर द्यायच्या, तो 'आय' म्हणायचा, त्या खूश व्हायच्या. मी मागून कधी "इथे सैनिक राहायचे", कधी "ही नदी फार जुनी आहे" अशी वाक्यं सोडत होते. नदी जुनी आहे हे सांगायला मला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

तटावरून उतरून, नदीचा पूल ओलांडून तो आम्हाला एका अरुंद गल्लीत घेऊन गेला. दोन्हीकडची लाकडी घरं वरच्या मजल्यांवर इतकी पुढे झुकलेली की समोरच्या खिडकीतून मिठाची बरणी सहज मागता यावी. इथे गाईड रंगात आला. मला 'मीट' ऐकू आलं, तेही तीनदा. मी खूश झाले. या वेळी तरी नक्की.

"पूर्वी लोक इथे एकमेकांना भेटायला यायचे," मी म्हटलं. "मीट, मीट म्हणतायत ना ते."

सासूबाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या एका दुकानासमोर गेल्या. तिथे छपराच्या कडेला लोखंडी आकड्यांची रांग होती. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं. खिडकीखालच्या रुंद फळीवर हात फिरवला. मग गाईडकडे वळून हाताचा सुरा केला, फळीवर दोनदा खटाखट मारला आणि विचारलं, "मटन?"

गाईडने टोपी हवेत उडवायची तेवढी बाकी ठेवली. "मटन! आय! मटन!"

खाटीक आळी होती ती. आकडे मांस टांगायचे, फळी मांस मांडायची. पुढची पाच मिनिटं त्या दोघांनी माझ्याशिवाय काढली. त्याने हातांनी गाय दाखवली, डुक्कर दाखवलं, सासूबाईंनी माश्या वारून दाखवल्या, त्याने नाक दाबून धरलं, दोघंही हसले. मी बाजूला उभी राहून फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघत होते.

गल्लीच्या तोंडाशी एक बाक होता. गाईड कुणा ओळखीच्या दुकानदाराशी बोलायला थांबला, तेवढ्यात सासूबाई बाकावर बसल्या आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. मी बसले.

"तुला त्याचं काहीच समजत नाही ना वं?"

मी म्हणणार होते, थोडं थोडं समजतं. पण त्या थेट डोळ्यांत बघत होत्या. तीस वर्षं चौथीच्या मुलांना बघितलेले डोळे.

"नाही समजत, आई."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"लाज वाटली. अकरा वर्षं झाली इथे. आणि घरी तुमच्या मुलासमोर एवढ्या बढाया मारून आले."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या हसायलाच लागल्या, जॅकेट गदगदा हलायला लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुझी लेक फोनवर बोलते ना माझ्याशी, 'आजी, माझा टीचर आली, माझी शूज हरवला'. त्यातलं अर्धं मला समजत नाही. भरभर बोलते, मधात सगळं इंग्लिश. मी आपली हो बेटा, हो बेटा करते. मागं तिनं काहीतरी रडून सांगितलं होतं. मी म्हटलं, अरे वा, छान!"

"आई!"

"मग काय करू? म्हातारीला समजत नाही असं वाटलं, तर पोरगी बोलायचीच नाही, अशी भीती वाटते."

मला ते रडणं आठवलं. तिच्या वर्गात पाळलेला हॅमस्टर मेला होता. आजीने 'छान' म्हटल्यावर ती फोन माझ्या हातात देऊन निघून गेली होती, आणि का ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.

गाईड परत आला. मी उठले आणि त्याला सरळ सांगितलं, की सॉरी, मला तुमचं बोलणं कळत नाहीये, सकाळपासून नाही, प्लीज जरा सावकाश बोलाल का?

त्याने कमरेवर हात ठेवले. मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, की मला वाटलंच होतं. मी पाच मिनिटं बोलायचो आणि तू त्यांना एका ओळीत सांगायचीस. मला वाटलं, तुमची भाषा फारच आटोपशीर दिसते.

हे मात्र मी सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितलं. वर 'आय' म्हणजे काय तेही सांगून टाकलं. त्या क्षणभर हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "असू दे. मला ऐकायला गोड लागते."

उरलेला वेळ खरा मजेत गेला. तो सावकाश बोलायचा, मी अडले की थांबवायचे, तो पुन्हा सांगायचा. त्याने आम्हाला घरांच्या मधून जाणाऱ्या, एका वेळी एकच माणूस मावेल अशा वाटा दाखवल्या. टपालाची पिशवी घेऊन तो या वाटांनीच फिरायचा. एकीत एकदा कुत्र्याने पाठलाग केला तेव्हा वळायला जागा नव्हती म्हणून तो उलटा चालत बाहेर आला होता. सासूबाईंनी विचारलं, याला इथे काय म्हणतात? तो म्हणाला, "स्निकलवे." त्यांना ते तीन प्रयत्नांत जमलं.

"गुरुजींना सांग, आमच्याकडे याला बोळ म्हणतात."

"बोल," गाईड म्हणाला.

"बोल नाही. बोळ."

"बोल्ड."

सासूबाईंनी पर्स माझ्याकडे दिली. जॅकेटच्या बाह्या वर केल्या. त्याच्यासमोर उभं राहून तोंड उघडलं आणि जीभ कशी उलटी वळवून टाळूला लावायची ते बोटाने दाखवलं. बोळाच्या दोन्ही तोंडांना माणसं थांबली, कारण आत शाळा भरली होती आणि पुढे जायला वाट नव्हती. "बोर." "बोर नाही." "बोर्ल." "जीभ मागं घ्या, गुरुजी, मागं!" माझ्या भाषांतराची दोघांनाही गरज नव्हती. कितव्या वेळी कोण जाणे, त्याच्या तोंडून ळ बाहेर पडला, अगदी नागपुरी, गोल, भरघोस. पलीकडे थांबलेल्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर शाबासकी दिली आणि तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय, समजलं का सगळं?" मी म्हटलं, "पहिला तास काही नाही." त्याला एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नव्हती. लेकीचा ताप उतरला होता. ती सोफ्यावर आजीला चिकटून बसली आणि शाळेतल्या कसल्याशा भांडणाबद्दल भरभर सांगायला लागली.

"थांब," आजी म्हणाली. "मला नाही समजलं. पहिल्यापासून सांग, हळूहळू."

लेकीने एवढा मोठा उसासा टाकला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आता सासूबाई परत गेल्या आहेत, आणि नागपूरला फोन लागला की तो तासभर संपत नाही. भाजी चिरता चिरता मी ऐकत असते: इकडून ही ओरडते, "नाही आजी, तसा नाही!" आणि तिकडून येतं, "तसा नाही बेटा, तसं. आता पुढं सांग."