बहिणीच्या दारचं पाणी

आचऱ्याच्या सावित्रीचा मिरचीचा मळा समुद्राजवळच्या वाळूत होता. पावसाळा सरला की विहिरीतून कळशा ओढून ओढून ती रोपं शिंपायची, आणि वाळू ते पाणी गटागटा पिऊन पुन्हा कोरडी ठणठणीत. तिची धाकटी बहीण सत्यवती आंबोलीला दिलेली. सणासुदीला भेटली की ती हटकून म्हणायची, "आमच्याकडे पावसाक खळ नाय गो. पाणी नुसता धावत आसता." बापानं तिला पाण्यात दिलं आणि मला वाळूत लोटलं, म्हणून सावित्री आतल्या आत धुमसायची.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला सावित्री आंबोलीला गेली. पाहते तर काय, सत्यवती उतारावरच्या झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतेय. पाऊस धो धो पडायचा, पण मातीचा थर पातळ, खाली कातळ. सगळं पाणी दरीत निघून जायचं. परसातल्या मिरचीनं माना टाकल्या होत्या. सावित्रीला बरं वाटलं. इतकं बरं, की लग्नघरात ती हसतमुखानं मिरवली.

निघताना सत्यवतीनं विचारलं, "बाये, वाळयेत तुजी मिरची जगता तरी कशी?"

सावित्री रोपांच्या बुंध्याशी सुक्या पाल्याचा, पातेऱ्याचा, जाड थर पसरायची. त्याखाली ओल टिकायची. ते तिनं ओठांवर येऊ दिलं नाही. "पाणी घालूक व्हया. आणि काय?"

पुढच्या थंडीत सत्यवती न कळवता आली आणि थेट मळ्यात शिरली. वाकून तिनं पातेरा बाजूला सारला, खालची ओली वाळू चिमटीत धरली.

"ह्या माका सांगलंस नाय कित्याक?"

सावित्री खाली मान घालून कळशी ओतत राहिली. जेवून सत्यवती एसटीनं परत गेली.

वैशाखात आंबोलीहून कुणाबरोबर तरी सुक्या मिरचीचं गाठोडं आलं. लालभडक, सावित्रीच्या मिरचीहून चांगली लांब. तिचा नवरा गणपत जेवताना म्हणाला, "सत्यवतीची मिरची काय झणझणीत आसा!"

"तिका काय, पावसाचो गाव!" सावित्री फणकारली आणि उष्ट्या हातानं उठून मळ्यात गेली. भर उन्हात रोपांना पाणी घालू नये, हे तिला ठाऊक होतं. तरी ती घालत राहिली.