न वाकलेली पानं

मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो, वैशाखरे गावाहून यायचे. रोपांना पाणी घालतानाही दटावायचे, "नीट उभी राहा गो!"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. बी.एस्सी.चा प्रकल्प फसून चालणार नव्हतं. भाताच्या पानाच्या सांध्यावर वनस्पतींमधल्या स्टेरॉइड हार्मोनचा थेंब ठेवला, की पान बाहेर वाकतं. माझी सगळी वाकली, पाच बुटक्या रोपांची तेवढी ताठ राहिली. सर म्हणाले, "उपटून टाक. मार्क जातील."

मी हात घातला, तोच मामांनी मनगट धरलं. "बाटली एकच ना रे? मंग औषध बरोबर हाय. ह्यांना थेंब कळतच नाय."

आठवडाभर त्यांनी माझ्याकडून रोज त्या पाच रोपांच्या वेगवेगळ्या पानांवर थेंब ठेवून घेतले. एकही वाकलं नाही. मग पुस्तकात सापडलं: हा हार्मोन पेशीच्या बाहेरच थांबतो, तिथलं एक प्रथिन त्याला धरतं आणि आत निरोप देतं. या पाचांचं ते प्रथिनच बिघडलेलं असणार.

तसंच प्रकल्पाच्या वहीत लिहिलं आणि तिच्या पहिल्या पानावर माझ्यासोबत मामांचं नाव घातलं.

"शिपायाचं नाव खोड," सर म्हणाले.

"नाय खोडत, सर," मी म्हणालो.