जाळं फेकणारा हात

माझे घरवाले, म्हणजे माझा नवरा, तलावात मासे धरायचे. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात त्यांच्यासारखं जाळं कोणी फेकत नसे. किडन्या गेल्या तेव्हा ते चाळिशीतही नव्हते.

डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात. ती फुगली, की तिच्यात सुया टोचता येतात. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं डावं मनगट बोटांनी चाचपलं आणि ऑपरेशन केलं. शीर फुगलीच नाही. थोडं वर पुन्हा कापलं, तेही बंद पडलं. तोवर मानेतल्या नळीवर डायलिसिस चालायचं. नळीत पू झाला, ताप चढला, आणि डाव्याच हाताच्या कोपरात सलाईन लागत राहिलं.

शेवटी नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हाताची सोनोग्राफी केली. पोटाची करतात तशीच, मनगटापासून काखेपर्यंत.

"मनगटातली शीर मुळातच बारीक आहे," त्या म्हणाल्या. "आधी असं पाहिलं असतं, तर पहिलंच ऑपरेशन कोपराशी झालं असतं. आता तिथली शीर सलाईननं बंद झालीय. उजवा हात घ्यावा लागेल."

"तो नाई देत मी. त्या हातानं जाळं फेकतो."

"तुमीच नाई राह्यले तं कोन फेकीन?" मी ओरडलेच. त्यांनी उजव्या हाताची बाही वर केली.

शीर छान फुगली. पण त्या हाताला ओझं नाही, झटका नाही. ते तलावाच्या पाळीवर बसायचे आणि दुसऱ्यांच्या जाळ्याला शिव्या द्यायचे.

पुढे डायलिसिस पुन्हा चंद्रपुरातच सुरू झालं. एकदा ते जुने डॉक्टर समोर आले. मी विचारलंच, "साहेब, तुमच्या इथी सोनोग्राफीची मशीन होती. माह्या पोटातलं लेकरू तिच्यावरच पाह्यलं होतं. मंग यायचा हात काऊन नाई पाह्यला?"

"तेव्हा इकडे कोणी हाताची करत नव्हतं, बाई," ते शांतपणे म्हणाले. उर्मट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"चाल, बस सुटन," घरवाले म्हणाले.

काही वर्षांनी ते हृदय बंद पडून गेले. उजव्या हाताची शीर शेवटपर्यंत उत्तम चालली, असं डायलिसिसच्या टेक्निशियननं मला कौतुकानं सांगितलं. मी पदर सावरला आणि बाहेर आले.