पेट्रोलच्या बरणीला ओला दादरा

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बरीच वर्षं विचार करतोय. पण चहा मागवलाच आहे तुम्ही, तर ऐका. एकच अट. शेवटी "मास्तर, तुम्ही शास्त्र शिकवायचा ना?" असं विचारायचं नाही. ते मंगळवार पेठेत सगळ्यांनी विचारून झालंय.

होय, हायस्कुलात शास्त्र शिकवायचो मी! त्यामुळे पेठेत कुणाचं काहीही बिघडलं की माणूस माझ्या दारात. रेडिओ खरखरला, बोलवा मास्तरांना. म्हैस दूध देईना, बोलवा मास्तरांना. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण "मला कळत नाही" एवढे तीन शब्द काही माझ्या तोंडून निघायचे नाहीत.

तर आमच्या तालमीचा गणपती. आदल्या वर्षी पलीकडच्या तालमीनं मिरवणुकीत स्वतःच्या इंजिनावर कर्णा लावला होता. त्यांचा कर्णा सगळ्या पेठेत घुमत होता आणि आम्ही मागून झांजा बडवत निघालो होतो. आमचे वस्ताद आबा, म्हणजे तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे, त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत म्हणे. मग वर्षभर खटपट करून त्यांनी वीज तयार करणारं एक जुनं, लहानसं पेट्रोल इंजिन मिळवलं आणि हातगाडीवर बसवलं. आता गणपती आणताना त्या तालमीच्या दारासमोर आमचा कर्णा वाजला, की आबांचं समाधान.

तेवढ्यात आवई उठली, पेट्रोलची टंचाई येणार! आबांनी पावसाळा लागायच्या आतच पेट्रोल भरून आणलं. पंपावर त्यांना सांगितलं, यात साखर कारखान्याचं स्पिरिट मिसळलंय, फार दिवस ठेवू नका.

आबा थेट माझ्याकडे. "मास्तर, गणपतीपतोर टिकंल न्हवं हे? का डब्याचं झाकण गच्च लावून ठिवू?"

"झाकण?" मी किंचाळलोच. "आबा, आत वाफ कोंडली तर तालीम उडेल! पेट्रोलला श्वास घेऊ दिला पाहिजे."

बघा, त्या बिचाऱ्याला बरोबर सुचलं होतं. पण समोर मी होतो ना!

मी घरातून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या उचलल्या. बायको म्हणाली, "अवं, पेट्रोल काय लोणचं हाय व्हय मुरवायला?" मी तिला तुच्छतेनं हसलो. तालमीमागच्या खोलीत बरण्या मांडल्या, पेट्रोल ओतलं. तोंडाला झाकणाऐवजी दादरा बांधला, लोणच्याला बांधतात तसं फडकं. पेट्रोल टिकावं म्हणून वर कपड्यांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या टाकल्या. का टाकल्या? टाकल्या! काहीतरी टाकल्याशिवाय शास्त्र वाटत नाही लोकांना.

आणि पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून ते गार ठेवायला हवं. उन्हाळ्यात आपण माठाला ओलं फडकं गुंडाळत नाही? तेच तत्त्व. रोज सकाळी शाळेला जाताना मी खोलीत जाऊन प्रत्येक दादऱ्यावर पाणी मारायचो. सोवळ्यात पूजा करावी तशा भक्तिभावानं.

श्रावणात एकदा म्हटलं, बघू तरी कसं चाललंय. एका बरणीत रबरी नळी तळापर्यंत सोडली आणि काचेच्या बाटलीत थोडं काढलं. वर लालसर पेट्रोल. आणि खाली? खाली पाण्यासारखं पांढरं! बरणीतलं पेट्रोलही उतरलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आबा, चोरी! कुणीतरी पेट्रोल काढून घेतोय आणि वर पाणी घालतोय!"

दुधात पाणी घालणारे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेलो. कोल्हापुरात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सगळी तालीम खवळली. पलीकडच्या तालमीवर संशय गेला. आबांनी धोंडी पैलवानाला राखणीला बसवलं. धोंडी म्हणजे दारात बसला की दारच दिसायचं नाही. अगदी सरळ माणूस, खोटं बोलायचं तर त्याला आधी घाम फुटायचा.

आठवड्याभरानं मी पुन्हा नळी घातली. पेट्रोल आणखी उतरलेलं! खालचं पांढरं आणखी वाढलेलं!

"धोंडी, झोपतोस काय रे?"

"न्हाई मास्तर. वासानं डोस्कं गरगरतंय, पर डोळा न्हाई लागला."

"मग कोण आलं होतं?"

"चिटपाखरू न्हाई."

आता सांगा, दारात कुलपासारखा पैलवान, चिटपाखरू आलेलं नाही आणि आत पाणी वाढतंय. शास्त्र शिकलेला माणूस काय निष्कर्ष काढेल? मी काढला. चोर घरचाच, म्हणजे धोंडीच!

तसं मी आबांच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे अशा बेतानं, की आखाड्यातल्या सगळ्यांना ऐकू जावं. धोंडीनं अंगावरची लाल माती झटकली आणि तो सरळ बाहेर पडला. त्याचे डोळे भरले होते. मला तेव्हा वाटलं, सापडला.

गणपती आणायच्या आदल्या दिवशी इंजिन चालू करून बघायचं ठरलं. आबांनी टाकीत पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. एकदा फुर्र केलं आणि गप्प झालं. तालमीतली सगळी मंडळी दोरी ओढून ओढून दमली. कुस्तीत न घामेजणारे पैलवान त्या लहानशा इंजिनानं चीत केले.

"बोलवा धोंडीला!" आबा गरजले.

धोंडी आला तो तालमीतल्या मारुतीसमोर जाऊन उभा राहिला. "देवाची आण घिऊन सांगतो. त्या खोलीत रोज सकाळी मास्तर येत्यात. हातात तांब्या आसतोय. दादऱ्यावर पाणी मारत्यात, फडकं चिंब झालं की जात्यात. त्यांच्याबिगर कुणीबी आलं न्हाई."

आबा माझ्याकडे वळले. "व्हय मास्तर? रोज पाणी मारताय?"

"अर्थात! गार राहायला!"

"बरं. मग त्या पाण्याचं म्होरं काय हुतंय?"

आणि इथं घात झाला. प्रश्न ऐकला की माझ्यातला मास्तर आपोआप बोलायला लागतो. मी खडू धरल्यासारखी बोटं उचलली. "फडक्यातून ते थेंब थेंब आत झिरपतं. स्पिरिटाला पाण्याची भारी ओढ. ते पेट्रोलला सोडतं, पाण्याला जाऊन मिळतं आणि दोघं मिळून तळाला..."

बोटं तशीच हवेत राहिली.

"...बसतात," धोंडीनं वाक्य पुरं केलं.

पेट्रोल का उतरलं, ते कुणी विचारलंच नाही. दादऱ्यातून उडून धोंडीच्या डोक्यात गेलं होतं ते.

कुणीही हसलं नाही हो! हसले असते तर बरं झालं असतं. आबा इंजिनावर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी धोंडीचे पाय धरायला वाकलो, तर त्यानं माझ्या काखेत हात घालून मला अलगद उभं केलं, पोतं उचलावं तसं. "ऱ्हाऊ द्या मास्तर. आदी पेट्रोल बगा."

पेट्रोल कुठं मिळतंय! टंचाई खरोखरच आली होती. दुसऱ्या दिवशी मुकं इंजिन घेऊन मिरवणूक निघाली. पलीकडच्या तालमीच्या दारात त्यांचा कर्णा गर्जत होता. आबांनी आमच्या कर्ण्यामागचं तारेचं यंत्र काढलं आणि नुसता पोकळ कर्णा माझ्या हातात दिला. "मास्तर, वराडा."

मी ओरडलो. कर्ण्याच्या बारीक तोंडाला तोंड लावून, घशाच्या शिरा फुटेपर्यंत, "गणपती बाप्पा!" आमची पोरं "मोरया!" म्हणाली, पलीकडची पोरं पोट धरून हसली आणि मला पुढं आठवडाभर फळ्यावर लिहूनच शिकवावं लागलं. हसण्याच्या नादात त्यांचा कर्णा सांभाळणारा संपलेली तबकडी बदलायलाच विसरला म्हणे, त्यामुळे घटकाभर का होईना, पेठेत फक्त आमचाच आवाज होता. आबा त्या दिवशी घरी जाऊन जेवले, असं कानावर आलं.

पुढच्या वर्षी तालमीनं गणपतीची कामं वाटली. इंजिन धोंडीकडे गेलं. मला आरतीचं निरांजन मिळालं. म्हटलं, चला, विश्वास अजून शिल्लक आहे! तूप घ्यायला हात पुढं केला, तर तुपाच्या बरणीला घट्ट फिरकीचं झाकण आणि शेजारी मांडी घालून धोंडी.

"काय रे, गणपतीचं तूप कोण चोर नेतोय?"

"चोराचं भ्या न्हाई मास्तर," तो बरणी जवळ ओढत म्हणाला. "तुमी येनार म्हनून मला बसवलंय."