बेबीआत्याचं इंजेक्शन

बेबीआत्या स्वतःसाठी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. गाडीसाठी मात्र ती देवालाही गंडवायची.

गाडी आजोबांची, वयाने माझ्याहून मोठी. भोईवाड्यात आमच्या चाळीखाली उभी असायची. आजोबांच्या मागे ती आत्या आणि माझे बाबा या दोघांच्या नावावर झाली. ऊन तापलं की तिचा कार्बोरेटर रुसायचा आणि ती हिंदमाताला भर सिग्नलवर बंद पडायची. एकदा बाबांनी ती ऑफिसच्या कपड्यांत ढकलली. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांना ती भंगारात द्यायची होती. शिवडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या आत्याला तिच्यात फ्युएल इंजेक्शन बसवायचं होतं.

"कार्बोरेटर पेट्रोल अंदाजाने ओततो गो," ती मला सांगायची. "हे इंजिनाला विचारून, मोजून देतं."

कोइमतूरहून आलेलं इंजेक्शनचं खोकं तिने मिक्सर म्हणून घरात घेतलं. रविवारी बाबा खाली उतरले, तर आत्या डिकीत अर्धी शिरलेली.

"बेबी, हा मिक्सर पेट्रोलच्या टाकीला का जोडतेयस?"

"ओलं वाटण आहे, भाई."

बाबा हसले नाहीत. "शिमग्याला गावी जाऊ याच गाडीने. वाटेत बंद पडली, तर परत येताना एसटी आणि गाडी भंगारात. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. मग मात्र ती रात्रभर कूस बदलत होती.

इंजेक्शन बसलं, पण ते जुळवायचं बाकी होतं. आत्या चालवायची आणि मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. पडद्यावर चौकोनांचा तक्ता होता. कुठल्या वेगाला, इंजिनावर किती भार असताना किती पेट्रोल द्यायचं, ते एकेक चौकोन करून ठरवायचं. रिकाम्या गाडीत जड भाराचे चौकोन काही हाती लागेनात. आणि गावाला जाताना घाट तर भरल्या गाडीने चढायचा होता.

आत्याने चाळीवर नजर फिरवली. सावंतकाका आणि परब नवरा-बायको, तिघंही अंगाने भरभक्कम. "चला, शिवडीला फ्लेमिंगो दाखवते," म्हणत तिने त्यांना मागे कोंबलं आणि गाडी लालबागच्या पुलावर घातली. उतरून वळवली, पुन्हा पुलावर.

"बेबीताई, हा पूल मघाशी पण लागला होता," सावंतकाका म्हणाले.

"मुंबईत सगळे पूल सारखेच दिसतात हो."

पुढच्या चढाला पेट्रोल कमी पडलं आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला, की परबकाकूंनी नवऱ्याऐवजी सावंतकाकांना मिठी मारली. मी हसत चौकोनातला आकडा वाढवला. काकांनी खांद्यावरून वाकून पडद्यावरचा शब्द वाचला.

"लोड? लोड म्हणजे आम्ही काय?"

"तुमच्याइतकं खात्रीचं वजन आख्ख्या वाडीत नाही, सावंत."

काकांनी छाती फुगवली. मग म्हणाले, "मग पुढच्या रविवारी मेव्हण्यालाही आणतो." शिवडीला पोचलो तेव्हा भरती होती, पक्षी उतरतात तो चिखल सगळा पाण्याखाली. एकही पक्षी दिसला नाही आणि कुणी तक्रारही केली नाही.

शिमग्याला आम्ही निघालो. घाटात ऊन रणरणत होतं. बाबा मागे बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. गाडी एका दमात वर चढली. माथ्यावर आत्याने गाडी बाजूला घेतली आणि कंबर धरून खाली उतरली.

"भाई, माझी कंबर गेली. आता तू चालव."

बाबांनी बरीच वर्षं न धरलेलं स्टिअरिंग जरा भीत भीतच धरलं. तिसऱ्या वळणावर ते शीळ वाजवायला लागले. मागे आत्याने मला डोळा मारला. तिच्या कंबरेला काही झालेलं नव्हतं.

"चार दिवस राहते," म्हणून ती गावीच राहिली आणि गाडी बाबांकडे आली. पुढच्या वर्षी एका सकाळी गावाहून फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

बाबा मला शेजारी बसवून कुठेही न थांबता गावापर्यंत गाडी चालवत गेले. आत्याला अंगणात ठेवलं होतं. बाबांनी गाडी बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकातच उभी केली आणि खाली उतरले. इंजिन चालूच होतं, एका लयीत.

"बाबा, गाडी बंद करा ना," मी हळूच म्हटलं.

"असू दे थोडा वेळ," ते म्हणाले. "बेबीला ऐकू दे."